गारपिटीला छाटणी म्हणू नका

निफाड-दिंडोरीकडे गारपीट झाली, एखाद्या घरात कॅन्सरचं निदान झालं किंवा कमावता मुलगा अपघातात गेला, की नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, एक जुना वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. तेव्हा निमूट सोसा आणि आपलं कुठं चुकलं ते शोधा. दुसरी बाजू म्हणते, प्रेमळ बाप लेकराला असा मारतो होय? विश्वास कमी पडला असणार. शाप तोडून घ्या, दानाचं बी पेरा, आशीर्वाद दारात उभा आहे. घरोघरी भरणाऱ्या कॉटेज प्रार्थनेत दोन्ही पक्षांची वचनं तोंडपाठ असतात आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस मधे बसून पायाकडं बघत असतो. वाद तावातावानं होतो, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत असतं: समोरच्याच्या दुःखाकडं बघून देवाच्या मनातलं वाचता येतं. माझं भांडण या गृहीतकाशी आहे. देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो हे मी मानतो. पण आपल्याला शिस्त लागते आहे हे ओळखणं ज्याच्या अंगावर ती येते त्याचं काम. शेजाऱ्याचं, पाळकाचं (पाद्रीसाहेबांचं) किंवा सासूचं नाही. आणि धीर धरणं म्हणजे तोंड मिटून बसणं, ही शिकवण ज्या अध्यायाच्या नावावर खपवली जाते त्या अध्यायात ती नाहीच.

तो अध्याय म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा बारावा. तो वाचण्याआधी दहावा वाचावा लागतो, आणि तिथंच बहुतेक प्रवचनं घसरतात. ज्यांना हे पत्र लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत त्यांची विटंबना झाली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते आणि बाकीचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. म्हणजे त्यांचं दुःख माणसांनी, त्यांच्या विश्वासापायी, त्यांच्यावर लादलेलं होतं. त्यांनी काही पाप केलं म्हणून घर लुटलं गेलं, असं पत्रलेखक एका शब्दानंही म्हणत नाही. 'प्रीती करतो त्याला शिस्त लावतो' हे जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतलं वचन तो त्यांच्यापुढं ठेवतो ते धीर देण्यासाठी: तुम्ही टाकून दिलेले नाही, घरचे आहात. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तर पुत्र असूनही येशूनं जे सोसलं त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला, असं स्पष्ट विधान आहे. निष्पाप पुत्रालाही दुःखाच्या शाळेत बसावं लागलं असेल, तर 'दुःख आलं, त्या अर्थी पाप असणार' हे गणित तिथंच मोडतं. शिवाय कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, फळ नंतर दिसतं, असं अकराव्या वचनात आहे. नंतर म्हणजे कधी? लेखक तारीख देत नाही. आमच्याकडं मात्र अंत्यविधीच्या तिसऱ्या दिवशी निष्कर्ष तयार असतो.

जुन्या करारात शिस्तीबद्दलचा एक महत्त्वाचा उतारा 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. बाप मुलाला शिस्त लावतो तसा परमेश्वरानं तुला ४० वर्षं रानात चालवलं, असं मोशे इस्राएल लोकांना म्हणतो. त्या शिस्तीत काय काय होतं? भूक होती, हे खरं. पण त्याच दमात मान्ना, म्हणजे देवानं रानात पुरवलेलं अन्न, आहे, अंगावरची वस्त्रं न विरणं आहे, पाय न सुजणं आहे. चालायला लावणारा पायाकडंही बघत होता. ज्या उपदेशात भूक तेवढी सांगितली जाते आणि मान्नाची सोय कुणी करायची हे सांगितलं जात नाही, तो उपदेश अर्धाच अध्याय वाचून केलेला असतो.

नाशिक जिल्ह्यात हे समजावून सांगायला फार लांब जावं लागू नये. द्राक्षवेलाचा दाखला येशूनंच दिला आहे: फळ देणारी फांदी बाप छाटतो, ती अधिक फळ द्यावी म्हणून. इथल्या बागायतदाराला छाटणी म्हणजे काय हे कुठल्याही टीकाकारापेक्षा जास्त कळतं. एप्रिलच्या खरड छाटणीत तो काडी मागं घेतो, पण डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, राखून. त्याच डोळ्यातून पुढची काडी तयार व्हायची असते. ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन कुठल्या डोळ्यात सूक्ष्मघड आहे ते तपासून घेतात, आणि मगच कात्री कुठल्या पेरावर चालवायची ते ठरतं. कापून झालं की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, बुरशी येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात, आणि पुढं चारेक महिने रोज बागेत फेरी असते. आता गारपीट बघा. गारही काडी तोडते, पानं फाडते, रस गाळते. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडं तुटलेलीच काडी दिसेल. पण गारेला डोळा दिसत नाही, ती भरलेल्या घडावर पडते आणि निघून जाते. मग बुरशी शिरते, मणी कुजायला लागतात. अशा बागेत उभं राहून कुणी 'छान छाटणी झाली' म्हणालं तर मालक त्याला बांधाबाहेर काढेल. तो फुटलेले मणी काढतो, बुरशीनाशक मारतो, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घेतो. देव गारेवरही सत्ताधीश आहे, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या करारातल्या निर्गम आणि हाग्गय या पुस्तकांतही गारा त्याच्याच हातात आहेत. पण सगळं त्याच्या सत्तेखाली आहे हे मानणं वेगळं आणि अमक्याच्या बागेवर गार का पडली हे मला ठाऊक आहे असं म्हणणं वेगळं. पहिलं विश्वासाचं विधान आहे. दुसऱ्याला ईयोबाच्या, म्हणजे सर्वस्व गमावलेल्या एका नीतिमान माणसाच्या, पुस्तकात जागा आहे, पण ती ईयोबाच्या मित्रांच्या तोंडी. ते तिघं सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि शेवटी देवानं अलीफजाला सांगितलं की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. प्रायश्चित्ताला सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडं जा. निदान चुकवल्याचा दंड वैद्यांनी रोग्याकडं नेऊन भरायचा होता.

समोरच्या, म्हणजे शिस्तवाल्या, बाजूकडं दोन बळकट मुद्दे आहेत, आणि त्यांना बगल देऊन चालणार नाही. पहिला नाथानाचा. दावीद राजानं उरीयाची बायको घेतली आणि त्याला मारवलं, तेव्हा हा संदेष्टा राजवाड्यात जाऊन दावीदाला तोंडावर 'तो मनुष्य तूच' असं म्हणाला नव्हता का? मग पाळकानं का म्हणू नये? जरूर म्हणावं, पण नाथानानं काय केलं ते नीट बघून. त्यानं संकटावरून पाप हुडकलं नाही. पाप घडलेलं होतं, त्याला नाव होतं, बळी पडलेला माणूस होता आणि करणारा राजा होता. दावीदाचं मूल आजारी पडलं ते त्यानंतर. आजाऱ्याच्या उशाशी बसून 'काहीतरी लपवलेलं असणार' असं म्हणणारे नाथानाचा क्रम नेमका उलटा लावतात. आणि गंमत अशी की शिक्षा स्पष्ट शब्दांत ऐकल्यावरही दावीद 'जशी देवाची इच्छा' म्हणून हात जोडून बसला नाही. मूल जगावं म्हणून तो उपाशीपोटी जमिनीवर पडून राहिला, सातव्या दिवशी ते जाईपर्यंत. देवाची शिस्त मान्य करणं आणि ती टळावी म्हणून देवाच्या पाया पडणं या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी होत्या.

दुसरा मुद्दा करिंथचा, आणि तो जास्त अवघड आहे. प्रेषित पौल तिथल्या मंडळीला पत्रात सरळ लिहितो की याच कारणानं तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ आणि रोगी आहेत, काही मेलेही. आजार आणि दोष यांची सांगड इथं प्रेषितानंच घातली आहे. ती नाकारणारे मजकुराशी अप्रामाणिक वागतात. पण दोष कोणता? प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीनं एकत्र घ्यायच्या भोजनाला, खात्यापित्या घरचे लोक आधी येऊन जेवून, पिऊन घेत आणि गरीब येईपर्यंत काही उरत नसे. पौल एकाही रोग्याचं नाव घेत नाही, आजारी पडले तेच दोषी असंही म्हणत नाही. तो सगळ्या मंडळीला, त्यातही भरल्या पोटाच्यांना, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. उपायही तितकाच रोकडा आहे: आपली परीक्षा आपण करा, आणि जेवताना एकमेकांसाठी थांबा. आता हे आमच्याकडं कसं वापरलं जातं? आजारी बाईला विचारतात, तू कोणतं पाप केलंस? करिंथच्या धड्याप्रमाणं प्रश्न विचारायचा तर पुढच्या बाकांवरच्यांना विचारावा लागेल, आणि तो विचारायची छाती कुणाला नसते. शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हाही येशूनं हेच केलं होतं. मेलेले जास्त पापी होते का, हा प्रश्न त्यानं बाजूला सारला आणि विचारणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं.

आपत्तीवरून दैवी हेतू वाचण्याचा मोह थोरामोठ्यांनाही आवरलेला नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला आणि गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानं केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली; गांधीजींनी ती 'हरिजन'मध्ये छापली आणि उत्तरही दिलं. गांधीजींच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की त्यांनी पाप दुसऱ्याचं सांगितलं नाही, आपल्या समाजाचं सांगितलं, आणि ते खरंच पाप होतं. तरीही टागोरांचा मुद्दा त्यांच्या वरचढ ठरतो: निसर्गातल्या उत्पाताचा असा अर्थ लावायची मुभा एकदा दिली की सनातन्यांना तो आणखी सहज वापरता येतो, अस्पृश्यतेला हात घातला म्हणूनच देव कोपला, असं म्हणायला त्यांना कोण अडवणार? भूकंपात चिरडलेल्यांत अस्पृश्यही होतेच, हे वेगळं सांगायला नको.

आणि नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला तर हा युक्तिवाद कुठून येतो हे घरातूनच ठाऊक असायला हवं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या काय सांगितलं गेलं होतं? हे तुमच्या मागल्या जन्मीचं फळ. निमूट भोगा, पुढचा जन्म बरा मिळेल. विधवांना हेच सांगितलं जायचं, आणि पंडिता रमाबाईंनी उभ्या आयुष्यात ज्याच्याशी झुंज दिली ते हेच. मराठी मंडळ्यांतली कितीतरी घरं ज्या वस्त्यांतून आली तिथं हे वाक्य ऐकूनच माणसं वाढली. आता त्याच वाक्यातला मागला जन्म काढून तिथं 'गुप्त पाप' घालायचं आणि त्याला ख्रिस्ती शिकवण म्हणायचं? बाटली तीच ठेवून लेबल बदलण्याचा हा प्रकार आहे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं दोन्ही पर्याय खोडले. कर्मविपाकाच्या छायेत वाढलेल्या देशाला सुवार्तेतलं याहून दिलासा देणारं वचन सापडणं कठीण, आणि आपणच ते झाकून ठेवतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप उरतो. कित्येक माणसं स्वतःच सांगतात की त्या आजारानं, त्या दिवाळ्यानं मला देवाकडं वळवलं. ती साक्ष खोटी म्हणायची का? मुळीच नाही. तुकोबांचं दिवाळं निघालं, दुष्काळात बायको गेली, आणि पुढं तेच म्हणाले की हे बरंच झालं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणत, तेव्हा हा दाखला परका मानायचं कारण नाही. पण तुकोबा हे स्वतःच्या दुष्काळाबद्दल बोलले. देहूतल्या दुसऱ्या कुणाच्या मेलेल्या बायकोबद्दल त्यांनी ते म्हटलं असतं तर तो अभंग झाला नसता, क्रूरपणा झाला असता. साक्ष देणाऱ्याच्या तोंडी जे सत्य असतं तेच दुसऱ्यानं त्याच्यावर लादलं की आरोप होतो.

दुसऱ्या पक्षाबद्दल थोडक्यात. शाप तोडणारे आणि बी पेरायला लावणारे शिस्तवाल्यांचे विरोधक वाटतात, पण त्यांचं निदानही तेच असतं: दोष तुझाच, विश्वास तुझाच कमी. फरक एवढाच की इथं उपचाराची पावती फाडली जाते. देव कधी रागावतच नाही म्हणणाऱ्या तिसऱ्या, मवाळ पक्षानं बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं लावदिकीयाच्या मंडळीला आलेलं पत्र वाचावं; ज्यांच्यावर मी प्रीती करतो त्यांचा निषेध करून त्यांना शिस्त लावतो, हे तिथं लिहिलं आहे, आणि ते एका श्रीमंत, आत्मसंतुष्ट मंडळीला लिहिलं आहे. विश्वासी माणूस शेवटपर्यंत टिकेलच की गळूही शकतो, हा १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेपासूनचा वाद मी इथं उघडत नाही; दोन्ही परंपरांचे लोक टिकून राहायला सांगतात, तेवढं या लेखाला पुरे.

प्रश्न आहे टिकायचं कसं. 'सहन कर' हे दोन शब्द आमच्याकडं सगळ्यात जास्त बायकांना ऐकवले जातात. नवरा मारतो, आणि मंडळीतली वडीलधारी माणसं सांगतात की प्रभू तुला घडवतो आहे. प्रेषित पेत्र अन्याय सोसणाऱ्याची वाखाणणी करतो, हे खरं. पण तो बोलतो आहे ते सुटकेची वाट नसलेल्या गुलामांशी. जिथं वाट होती तिथं प्रेषितांनी ती घेतली. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौलाला शिष्यांनी पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं. यरुशलेमात फटक्यांसाठी बांधलं तेव्हा त्यानं रोमी नागरिकत्व पुढं केलं. पुढं कैसराकडं दाद मागितली. ज्या त्रासाला तो 'देहातला काटा' म्हणतो त्याबद्दलही 'माझ्या कृपेनं तुझी गरज भागते' हे उत्तर मिळालं ते त्यानं तीन वेळा तो काढून टाक म्हणून विनवल्यावर. कायद्याची दाद मागणं अविश्वास असेल तर पौल अविश्वासी होता. तेव्हा मार खाणाऱ्या बहिणीला पाळकानं वचनासोबत एवढंही सांगावं: २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतो, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं तर ११२. सांगताना नवरा शेजारी बसलेला नसावा.

औषधांचंही तेच. क्षयरोगाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने कमी. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकी तेव्हाच कुठल्यातरी सभेत 'प्रभूनं बरं केलं' अशी साक्ष होऊन गोळ्या सुटतात. जंतू पूर्ण मेलेले नसतात. उरलेले औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि पुढचा उपचार जास्त कठीण होतो. धीर या गुणाची परीक्षा इथं चौथ्या महिन्यातल्या, बरं वाटत असताना गिळलेल्या गोळीत आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलं आहे, आणि त्या काळी तेल जखमेवरही ओतत. येशूच्या दाखल्यात जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या थैलीत तेच होतं.

बाराव्या अध्यायात शिस्तीनंतर लगेच जे येतं ते तर फारच क्वचित वाचलं जातं. गळालेले हात आणि लटपटते गुडघे सरळ करा, वाट सपाट करा, म्हणजे लंगड्याचा पाय निखळणार नाही, बरा होईल. कुणी मागं राहत नाही ना ते बघा. सगळ्या आज्ञा अनेकवचनी. वाट सपाट करायची ती लंगड्यानं नाही, धडधाकटांनी. नाशिकच्या शरणपूरला याचा एक मोठा दाखला घडला. गुलाम म्हणून नेणाऱ्या अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या मिशनच्या आश्रमात वाढली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. (गुलामाच्या साखळीला देवाची शिस्त म्हणायची कुणाची तयारी आहे का?) १८७३ च्या मे महिन्यात मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. जेकबनं दफनविधीची उपासना वाचली, झाडावर मजकूर कोरला, आणि त्याचे जुने सेवक चुमा व सुसी यांच्या पुढारीपणाखाली ती मंडळी मीठ लावून वाळवलेला देह घेऊन किनाऱ्याकडं निघाली. वाटेत इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं, इथंच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. सुमारे नऊ महिने, दीड हजार किलोमीटरांच्या वर. एकट्याचं काम नव्हतंच ते: ओझं एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जात राहिलं, म्हणूनच किनाऱ्याला लागलं.

मग पाळकानं दुःखाच्या घरी जाऊन करायचं काय? याकोब सांगतो तो क्रम बरा आहे. आजाऱ्यानं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं. बोलावण्याआधी पाचपंचवीस जण घरात घुसवायचे नाहीत. आधी औषधपाणी, डॉक्टर काय म्हणाले, रात्री सोबतीला कोण आहे, भाडं भरलं का, हे विचारावं. वचन वाचायचं तर विलापाचं स्तोत्र वाचावं, तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. प्रार्थना आटोपशीर, कारण रोगी थकलेला असतो. याकोबाच्या मजकुरात पापाचा उल्लेख 'केले असेल तर' असा सशर्त आहे, आणि त्यापुढची कबुली एकमेकांजवळ करायची आहे; एकानं बसून घ्यायची आणि दुसऱ्यानं द्यायची अशी ती नाही. आजाऱ्याला स्वतःहून काही सांगायचं असेल तर तो सांगेल. त्याला एकांत हवा, एवढी काळजी घेतली की झालं.

आणि खरोखरच कुणी अन्याय केला असेल, तर त्याला संकट येईपर्यंत थांबण्याची गरजच नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत: आधी दोघांतच, नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन, तरीही नाही तर मंडळीपुढं. आमच्याकडं पहिल्या दोन पायऱ्या गाळून प्रकरण थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, नाहीतर नाव न घेता रविवारच्या प्रवचनात, जिथं नाव न घेताही सगळ्यांना कळतं. जो माणूस मंडळीचे पैसे खातो त्याच्याकडं पहिली पायरी चढून जायला कुणी तयार नसतं. पुढं त्याला अर्धांगवायू झाला की मात्र सगळ्यांना देवाचा हात दिसतो. त्या दिवशी त्याच्या बायकोला हवा असतो डबा आणि फिजिओथेरपीला नेणारी रिक्षा. हिशेबाच्या वह्या मंडळीच्या कमिटीनं आधीच्याच वर्षी मागायला हव्या होत्या.